आईच्या नावचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या दुकानदाराने "नाव काय टाकू?" असं विचारलं तेव्हा मी सरळ माझं नाव सांगितलं असतं, तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. पण मी म्हणालो, "सगुणाबाई धर्मराज." पाठोपाठ जन्मतारीख आणि मोबाईल नंबरही सांगितला, दहाच्या दहा आकडे, न अडखळता. खोकं घेऊन जालन्याच्या बस स्टँडवर आलो, चहा सांगितला, आणि पहिला घोट घेतल्यावर आठवलं की आईला जाऊन आठ महिने झाले आहेत.

याला कोणी वेंधळेपणा म्हणेल. हा वेंधळेपणा नाही, आमच्या घरची पद्धत आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी स्वतःच्या नावावर एक ऑइल इंजिन घेतलं होतं. ते चौथ्या दिवशी विहिरीत पडलं. काढायला गेले तर साखळी तुटून दुसऱ्यांदा पडलं. त्यानंतर घरात जी वस्तू आली ती आईच्या नावावर. पाण्याची मोटर, फ्रिज, कूलर, माझी मोटरसायकल, इतकंच काय, लग्नात माझ्या बायकोला, साधनाला, घेतलेलं शिलाई मशीनसुद्धा. "तुह्या आईच्या नावची वस्तू खराब निघत न्हाई," असं अण्णा म्हणतात आणि त्यावर वाद घालू देत नाहीत. फ्रिजला सतरा वर्षं झाली. त्याचं दार आम्ही दोरीने बांधतो, पण त्याला खराब म्हणायची घरात कोणाची छाती नाही.

तर असा तो लॅपटॉप आईच्या नावाने तीर्थपुरीला आला. घेतला होता शाळेसाठी. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच आहे. खरं बोलावं, वडीलधाऱ्यांचं ऐकावं, वगैरे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याकडून दोन्ही झालेलं नाही. हल्ली शिक्षकाला शिकवायला वेळ मिळो न मिळो, माहिती मात्र रोज भरावी लागते, आणि ती मोबाईलवर भरता भरता माझ्या अंगठ्याला सूज आली होती.

लॅपटॉपसोबत दोन सॉफ्टवेअर फुकट आली होती. एक फोटोतल्या माणसाला गोरं करणारं आणि दुसरं आवाज साफ करणारं. पहिलं साधनाने उघडलं, स्वतःचा फोटो गोरा करून पाहिला, "ही कोण बाई?" म्हणाली आणि बंद केलं. दुसरं मी उघडलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, "नमस्कार, सगुणाबाई!"

अण्णा बाजेवर बसले होते. "काय लिहून आलं रे?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. अण्णा बाजेवरून उठून पडद्याजवळ येऊन बसले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा फोन सगळ्यांचं बोलणं आपोआप साठवून ठेवतो. ही सोय मी मुख्याध्यापकांसाठी करून ठेवली होती, कारण ते तोंडी एक सांगतात आणि मीटिंगमध्ये दुसरं. त्यातच आईचा शेवटचा फोन राहिला होता. त्या दिवशी आई वडीगोद्रीला मावशीकडे गेली होती आणि परत येताना हायवेवर जीपची वाट पाहत तिने मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. तिकडून एकामागून एक ट्रक जात होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. अशा वेळी सभ्य माणूस जे करतो तेच मी केलं, "हां हां" म्हणत राहिलो. चार मिनिटं दहा सेकंद "हां हां" म्हणालो आणि फोन ठेवला.

आई घरी आली ती दिवेलागणीला. जीप मिळाली नसेल, असं आम्ही धरून चाललो. आल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "काम व्हतं का लई?" मी म्हणालो, "फार." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून ती ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून अण्णा मला दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचे, "फोनवर काय म्हणत व्हती तुही आई?"

"अण्णा, ऐकूच आलं नाही. ट्रकचा आवाज होता."

"चार मिन्टं बोललास अन् ऐकू आलं न्हाई? मंग हां हां कोणाला म्हणत व्हतास? ट्रकला?"

अण्णांना कमी ऐकू येतं, तरी ते फोन कानाला लावून ती चार मिनिटं ऐकत बसायचे. ट्रक, हॉर्न, पुन्हा ट्रक, आणि मधेमधे माझं स्वच्छ "हां हां". मी मीटिंगमध्ये शांत जागी होतो, त्यामुळे माझा आवाज फार छान आला होता.

म्हणून आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर पाहिल्याबरोबर मी आईचा फोन त्यात टाकला. हेडफोन अण्णांच्या कानाला लावले. बटण दाबलं आणि ट्रक गेले. खरंच गेले. हायवे उठून कुठेतरी लांब गेला आणि आई आमच्या घरात बोलायला लागली, इतकी जवळून की साधना स्वयंपाकघरातून हात न पुसता बाहेर आली.

"हॅलो, भागवत? मी वडीगोद्रीला उभी हे. जीप न्हाई अजून. अण्णाला म्हणावं, टोपी घालून जा रानात, ऊन लई हे. उघड्या डोक्यानं फिरत्यात. अन् ऐक, मला जरा..."

आणि थांबलं. पडद्यावर चौकट आली. "सगुणाबाई, आपले तीस सेकंद संपले आहेत. पुढील सुविधा बंद आहेत. त्या खुल्या करण्यासाठी पडताळणी करा. शिल्लक दिवस: ९०."

अण्णांनी हेडफोन काढले नाहीत. "पुढं लाव," ते म्हणाले.

"पुढचं बंद आहे, अण्णा."

"मंग उघड."

एवढंच माझं काम होतं. उघडायचं. त्यात माझे सत्त्याऐंशी दिवस गेले.

तीर्थपुरीत एखादी गोष्ट घरात घडली की ती गल्लीची होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे "मला जरा" च्या पुढे काय असेल यावर बैठक भरली. शेजारचे शिवाजीराव भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "जमिनीचं बोलणं असणार, भागवतराव. 'मला जरा गटाचं सांगायचं हे.' म्हातारी माणसं शेवटी जमिनीवरच येतेत." साधना म्हणाली, "त्या दिवशी दळण संपलं होतं. 'मला जरा दळण आणायचंय' असं असेल. मीच त्यांना म्हणाले होते, येताना बघा म्हणून." असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे संघपाल सर तेवढे म्हणाले, "ऐकल्याशिवाय अंदाज करू नये." या वाक्यामुळे बैठकीत त्यांना कोणी दुसरा चहा विचारला नाही.

पहिला उपाय मी सरळमार्गी केला. पैसे भरून सुविधा घ्यायला गेलो. सॉफ्टवेअर पैसे घेईना. "या यंत्रावर सगुणाबाईंच्या नावे पूर्ण परवाना आधीच आहे," असं ते म्हणायचं. म्हणजे वस्तू आपली, घरात आलेली, फक्त कुलूप लावलेलं आणि किल्ली मालकिणीकडे.

दुसरा उपाय संघपाल सरांचा. त्यांनी इंटरनेटवरून दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून त्यात आईचा फोन टाकला. त्यातून ट्रक अतिशय सुरेख ऐकू आले. कोणता दहा चाकी, कोणता सहा चाकी, हेसुद्धा कळत होतं. आई मात्र पार गेली. सर वरमले आणि म्हणाले, "याला कोणता आवाज नको आहे हे कळलं नाही." मी म्हणालो, "असू द्या, तुमचा दोष नाही." पण त्या दिवशी आई पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं, आणि मी जेवलो नाही.

तिसरा उपाय शिवाजीरावांचा. त्यांचे मेहुणे कल्याणराव जालन्याला असतात आणि त्यांच्याकडे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या असतात, असा शिवाजीरावांचा दावा होता. त्या मेहुण्यांचा एक पेनड्राइव्ह आला. "बिलकुल घाबरू नका," शिवाजीराव म्हणाले. "फक्त जे विचारील त्याला 'हो' म्हणत चला." मला वाटतं 'हां हां' म्हणणं हा माझ्या स्वभावातलाच रोग आहे. मी अकरा वेळा 'हो' म्हणालो. कुलूप उघडलं नाहीच, पण लॅपटॉपमध्ये एक बाई शिरली. दर पंधरा मिनिटांनी ती गोड आवाजात म्हणायची, "या, पत्ते खेळू या!"

आवाज बंद केला तरी ही बाई बोलायची. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांसमोर मी माहिती भरत होतो तेव्हा ती बोलली. मुलं हसली असती तर मी समजू शकलो असतो, पण शिपाई हसला. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागवला. मी लिहून दिलं, "सदर स्त्रीशी माझा कोणताही संबंध नाही." तो खुलासा आजही माझ्या सेवापुस्तकाच्या फायलीत आहे. मी निवृत्त होईन, पेन्शनला बसेन, तेव्हा कोणीतरी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघणार आहे.

संघपाल सरांनी दोन रविवार बसून त्या बाईला घालवलं. तोपर्यंत चौकटीत शिल्लक दिवस एकतीस झाले होते. अण्णा रोज सकाळी लॅपटॉप उघडायला लावायचे, "नमस्कार, सगुणाबाई" वाचून घ्यायचे, तीस सेकंद ऐकायचे आणि टोपी घालून रानात जायचे. पूर्वी आई ओरडली तरी ते टोपी घालत नसत.

मग मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा असल्याचं त्यांनी पंचवीस मिनिटं सांगितलं आणि मग अर्पिता नावाच्या बाई आल्या. फार मृदू बोलत होत्या.

"सर, पडताळणी परवानाधारकालाच करावी लागेल. सगुणाबाई मॅडमना फोन देता का?"

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

"त्या... वारल्या आहेत."

"ओह. फार वाईट वाटलं, सर. मग मी तशी नोंद करते. नोंद झाली की परवाना आपोआप रद्द होईल. करू का?"

"नको, नको!" मी ओरडलो. "थांबा, करू नका!"

"पण परवानाधारक हयात नसतील तर..."

"हयात आहेत," मी म्हणालो. "गावाला गेल्या आहेत."

"सर, तुम्ही आत्ता म्हणालात..."

"चुकून म्हणालो."

मूल्यशिक्षणाचा शिक्षक सख्ख्या आईला चुकून मारतो आणि दुसऱ्या वाक्यात गावाला पाठवतो. समोर साधना भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, हे तिचे उपकार. अर्पिताबाईंनी मग नियम सांगितला. आईच्या नंबरवर ओटीपी जाईल, आणि त्याच नंबरवरून आईने स्वतः एकदा बोलायचं. म्हणजे आईचं बोलणं ऐकायचं असेल, तर आधी आईने बोललं पाहिजे.

"तिचा नंबर कोणाकडं हे आता?" अण्णांनी विचारलं.

कोणाकडे असणार? रिचार्ज बंद केल्यावर तो बंद झाला असेल. माझ्या फोनमधून तो मी खोडला नव्हता. असा नंबर कोण खोडतं? मी ओसरीत उभा राहून 'आई' वर बोट ठेवलं. वाटलं होतं, 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं कोणीतरी सांगेल आणि सगळं एकदाचं मिटेल. तसं झालं नाही, रिंग वाजायला लागली. मी पायरीवर बसलो.

"हॅलो," पलीकडून एक म्हातारा बायकी आवाज आला. "कोण बोलून राह्यलं?"

ती साळूबाई होती. गोदावरीच्या पल्याड, पाथरीच्या अंगाला एका गावात राहते. लेकाने पुण्याहून तिला फोन आणि नवं कार्ड घेऊन दिलं होतं, ते नेमकं हे. मी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी ओटीपी मागितला.

"वटीपी?" ती म्हणाली. "फोन लावला की ती पोरगी सांगतीया ना, वटीपी सख्ख्या बापाला बी द्यायचा न्हाई. मेलेल्या आईचं नाव घेऊन लुबाडतोस व्हय रे? तोंडात किडे पडतील." आणि फोन ठेवला.

मी चोवीस वर्षं नोकरी केली आहे. माझ्या तोंडात किडे पडतील असं मला अजून कोणी म्हणालं नव्हतं, आणि ते आईच्या नंबरवरून म्हणालं. दोनदा फोन केला, दोनदा शिव्या खाल्ल्या. संघपाल सर म्हणाले, "बाई बरोबर आहे. तिनं शिकवलेलं लक्षात ठेवलंय. तुम्हीच तिच्याकडे जायला पाहिजे."

तीन दिवस उरले होते तेव्हा मी शाळेतून रजा काढली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'मातोश्रींचे काम'. लॅपटॉप पोटाशी धरून घनसावंगीपर्यंत जीपने गेलो. शेजारी बसलेल्या गृहस्थाने विचारलं, "सर्व्हेवाले का?" मी नाही म्हणालो तरी त्याने उतरेपर्यंत मला त्याच्या मोसंबीच्या बागेचं नुकसान सांगितलं. पुढे दोन बस बदलल्या. पुलावरून गोदावरी ओलांडताना तिच्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू होती. साळूबाईचं घर सापडेपर्यंत दुपार झाली.

ती अंगणात तूर पाखडत होती. वय आईएवढंच. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं. "त्यो तूच का वटीपीवाला?" तिने विचारलं. मी लॅपटॉप उघडला आणि तीस सेकंद लावले. आई बोलली. जीप, टोपी, ऊन, "अन् ऐक, मला जरा..."

साळूबाई वाट पाहत राहिली. "पुढं काय?"

"तेच बंद आहे. त्याच्यासाठीच आलो."

"मंग बसलास कशाला? लाव की फोन."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला, जणू कोणी बघायला आलं आहे, आणि फोन कानाला लावला. अर्पिताबाईच होत्या.

"सगुणाबाई धर्मराज बोलताय का?"

"हां, मीच," साळूबाई म्हणाली. आईच्या नंबरवरून, आईच्या वयाच्या आवाजात.

"तुमच्या जन्माचा दिवस आणि महिना सांगता का?"

मी हादरलो. हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. मी हवेत बोटं नाचवत होतो, पण साळूबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "एक जानेवारी," ती म्हणाली. बरोबर होतं. आधार कार्ड काढायला आलेल्या माणसाने तिच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एक जानेवारीला जन्माला घातलं होतं. आमच्या गावातही तेच झालं होतं.

"आणि शेवटचा प्रश्न, मॅडम. हे सॉफ्टवेअर तुम्ही कशासाठी वापरणार आहात?"

साळूबाईने सुपातल्या तुरीवरून हात फिरवला.

"महं बोलणं पोराला ऐकू जात न्हाई, बाई," ती म्हणाली. "म्हणून."

"धन्यवाद, मॅडम," अर्पिताबाई म्हणाल्या. ओटीपी आला. साळूबाईने तो मला एकेक आकडा करून सांगितला आणि प्रत्येक आकड्यानंतर अंगणाच्या दाराकडे बघितलं. कुलूप उघडलं. "अभिनंदन, सगुणाबाई! आता सर्व सुविधा तुमच्या."

मी बटण दाबलं. हेडफोन लावायचं सुचलं नाही. आई त्या परक्या अंगणात मोठ्याने बोलू लागली.

"अन् ऐक, मला जरा छातीत दाटून येऊन राह्यलंय. सकाळपून हे. डावा हात बी दुखतोय. तुला येता येईल का गाडी घेऊन?"

"हां हां," मी.

"शाळा हे ना पण तुही?"

"हां, बराबर."

"मंग येतोस ना? अण्णाला काही सांगू नको, ते घाबरत्यात उगं. म्या त्यांना बोलले न्हाई."

"हां हां. ठीक आहे."

"बरं. मंग मी जीप सोडून देते. आली तरी बसत न्हाई. हितं हॉटेलच्या सावलीला थांबते. सावकाश ये, गाडी जोरात चालवू नको."

"हो हो. ठेवतो."

त्यानंतर मी फोन कापला नव्हता, नुसता टेबलावर ठेवला होता. अर्धा मिनिट ट्रक गेले आणि आई कोणाला तरी सांगत होती, "लेक येऊन राह्यलाय घ्यायला."

साडेबाराला फोन आला होता. घरी ती दिवेलागणीला आली होती.

साळूबाई सूप घेऊन पुन्हा तूर पाखडायला लागली. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. चुकतं माणसाचं, असं काही. सूपभर तूर पाखडून झाल्यावर ती म्हणाली, "मही पोरं बी हां हां च म्हणत्यात. मंग म्या सांगायचं सोडून देलं." तिने मला पाणी दिलं आणि बसची वेळ सांगितली.

येताना मी सगळं ठरवलं. ज्या कुलपासाठी मी सत्त्याऐंशी दिवस अब्रू घालवली, ते उघडलंच नाही असं सांगायचं. घरी आलो. अण्णा बाजेवर वाट पाहत होते.

"उघडलं का?"

"नाही, अण्णा. ती बाई भेटली, पण... मशीनच खराब निघालं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"तुह्या आईच्या नावची वस्तू हे ती," ते म्हणाले. "ती खराब न्हाई निघायची. काय म्हणली ते ऐकव."

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि बटण दाबलं. साधना दारात उभी होती. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. कुठपर्यंत आलं असेल हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून मोजता येत होतं. आता छाती, आता हात, आता माझं हां हां. आता हॉटेलची सावली. चार मिनिटं दहा सेकंद झाले. ते मला मारतील तर बरं, असं वाटत होतं.

अण्णांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"'अण्णाला बोलले न्हाई' म्हणती," ते म्हणाले. "सांगितल्तं तिनं मला. सकाळीच सांगितल्तं. म्या म्हणलं, वारा धरला असंल, ओवा खा अन् जा." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला वाटत व्हतं, फोनवर तुला तेच सांगितलं असंल तिनं. का अण्णा असं म्हणले. म्हणून ऐकायचं व्हतं. तिनं न्हाई सांगितलं."

पडद्यावर चौकट आली. "सगुणाबाई, तुमचा अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या." मी झाकण मिटलं.

त्यानंतर आम्ही ते पुन्हा लावलं नाही. पुरं ऐकायचं होतं, ऐकून झालं. अण्णा आता तीस सेकंदही मागत नाहीत. टोपी मात्र घालून जातात.

परवा दुपारी जेवायला बसलो होतो तेव्हा माझा फोन वाजला. पडद्यावर 'आई' असं आलं. साधनाच्या हातातला घास हातातच राहिला. साळूबाई होती. बाजारात उभी होती. मागे भोंगे, भाजीवाले, गाड्या.

"ऐकलं का म्हाताऱ्यानं?" तिने विचारलं.

"ऐकलं."

पुढे ती काहीतरी बरंच बोलली. स्वतःचं काहीतरी सांगत होती. मधे "चक्कर" असा एक शब्द आल्यासारखा वाटला, पण त्याच्यावरून एक टेम्पो गेला. माझ्या जिभेवर नेहमीचं 'हां हां' येऊन बसलं होतं. अण्णा जेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते.

मी उष्ट्या हाताने उठलो, घराच्या मागच्या बाजूला गेलो आणि एक कान बोटाने बंद केला.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "परत सांगा."